डाव्या कानाची बाजू

तोल तपासणी विभागाच्या प्रतीक्षागृहात नऊ खुर्च्या होत्या, एका ओळीत. भिंतीवर घड्याळं दोन, त्यांच्यात चार मिनिटांचा मतभेद. तळ्याचं चित्र एक, उजवीकडे अंदाजे तीन अंशांनी कललेलं. कुंडी एक, प्लास्टिकची, तिच्यातलं झाडही प्लास्टिकचं. कॉफीचं यंत्र एक, चालू आणि गरम, आणि त्यावर चिकटवलेला कागद: ‘तपासणीसाठी आलेल्यांनी यातली कॉफी घेऊ नये.’ तिथे तपासणीसाठी आलेल्यांखेरीज कोणीच दिसत नव्हतं. मग हे यंत्र नेमकं कोणासाठी, असा प्रश्न मला पडला. पण अठ्ठेचाळीस तास कॉफी न घेतलेल्या माणसाला पडणारे प्रश्न फार पुढे जात नाहीत. हाही प्रश्न तिथेच अडला.

माणसं पाच होती. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या खुर्चीवर. दोन अनोळखी माणसांमध्ये किमान एक रिकामी खुर्ची हवी, हा हिशेब आम्हा फिन लोकांना शाळेत जाण्याआधीपासून येतो, आणि नऊ खुर्च्यांत तो बरोबर पाच वेळा बसतो. मी सहावी होते. म्हणून मी उभी राहिले. चक्कर येते का हे पाहायला आलेल्या बाईने चार रिकाम्या खुर्च्यांसमोर भिंतीला टेकून उभं राहावं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

हे सगळं एका चौकटीमुळे घडलं.

शहरापासून दोन तासांवर, जंगलात, हवा मोजणारा एक मनोरा आहे. बहात्तर मीटर उंच. दर मंगळवारी त्यावर चढायचं, उपकरणांच्या काचा पुसायच्या, गाळण्या बदलायच्या आणि पाइनची झाडं दिवसभरात किती श्वास घेतात याच्या नोंदी खाली आणायच्या, अशी एक नोकरी निघाली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्याला अकरा महिने झाले होते, आणि ते अकरा महिने मी एका दुकानात रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी काढले होते. यंत्र बाटली ओढून घेतं, ओळखतं आणि चिठ्ठी देतं. त्याला न ओळखता आलेली बाटली ओळखणं हे माझं काम. म्हणून मनोऱ्याची नोकरी मला मिळाली असं पत्र आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर लावलं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: उंचावर काम करण्यास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला शुक्रवार, एकोणतीस मे, दुपारी तीनपर्यंत पोचावा, न पोचल्यास प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल.

पुढचा उमेदवार म्हणजे ओस्सी. माझ्याच वर्गातला. हा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाताना डोळे मिटून जातो.

दाखल्याच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुम्हाला कधी चक्कर आली आहे का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. ‘कधी’ या शब्दाला मर्यादा घातलेली नव्हती. मी ‘हो’वर खूण केली आणि जागा अपुरी असल्यामुळे एक कागद जोडला. त्यावर लिहिलं: एकूण तीन वेळा. एक, वय वर्षं सात, जत्रेतला पाळणा. दोन, वय वर्षं एकोणीस, मध्य-उन्हाळ्याचा सण, रात्रभर पिणं झालेलं, कारण उघड आहे. तीन, गेल्या चौदा फेब्रुवारीला, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतल्या, वरच्या फळीवरून उठताना, सुमारे आठ सेकंद, डावीकडे.

आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने तो कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

“हे तू कशाला लिहिलंस?”

“विचारलं होतं.”

तिने फॉर्म पुन्हा पाहिला. “हो,” ती म्हणाली, “विचारलं तर आहे.” आणि तिने मला तोल विभागाकडे पाठवलं. तिला तो कागद कचऱ्याच्या डब्यात टाकता आला असता. पण आमच्याकडे खोटं लिहिणारा एक वेळ सापडेल, खरं लिहिलेलं खोडणारा सापडणार नाही. ओस्सीने त्याच फॉर्मवर ‘नाही’ अशी खूण केली, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं. “माझा कान ठीक आहे,” तो म्हणाला, “मला फक्त भीती वाटते. भीतीची चौकट नव्हती.”

तोल विभागाचं पत्र दोन पानी होतं. कानात मळ नसावा. डोळ्यांना काजळ वगैरे नसावं, कारण कॅमेरा बुबुळ समजून पापणीकडे पाहत बसतो. तपासणीआधी अठ्ठेचाळीस तास दारू, झोपेच्या गोळ्या आणि कॉफी वर्ज्य. सोबत कोणाला तरी आणावं. यातली शेवटची सूचना मी वाचली आणि सोडून दिली. जिथे बस जाते तिथे सोबत कोणाला न्यायचं म्हणजे त्या माणसाचा अर्धा दिवस मागायचा, आणि अर्धा दिवस मागण्याइतकी माझी कोणाशी ओळख नव्हती.

कानातला मळ काढायला आरोग्य केंद्रात तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळत होती. तपासणी सहा दिवसांवर. ही अडचण मी चुकून आमच्या जिन्यात बोलून दाखवली.

आमच्या सोसायटीत चौदा घरं आहेत आणि चेअरमन रेइयो हा निवृत्त इलेक्ट्रिशियन आहे. वर्षभरात जिन्यात भेटल्यावर तो मला एकूण दोन वाक्यं बोलला होता, दोन्ही कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल. पण वस्तू दुरुस्त करायचा प्रश्न आला की त्याची जीभ मोकळी होते.

“माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे,” तो म्हणाला.

“कानाला नको.”

“दाब कमी करता येतो.”

“नको, रेइयो.”

“बघ बाई. बोटीच्या इंजिनाला चालतो.”

तिसऱ्या मजल्यावरच्या आउने तेवढ्यात जिना उतरत होत्या. आउनेंचं वय चौऱ्याऐंशी; आमच्याकडे ‘तुम्ही’ हा शब्द बहुधा ऐंशीच्या पुढच्यांसाठी राखून ठेवलेला असतो, तो मी त्यांच्यासाठी वापरते. त्यांनी आयुष्याची एकतीस वर्षं कॉफी भाजण्याच्या कारखान्यात काढली. त्या म्हणाल्या, “कोमट तेल. रात्री दोन थेंब. आणि याचं काही ऐकू नकोस पोरी, याने गेल्या वर्षी सोसायटीच्या घंटा दुरुस्त केल्या, तेव्हापासून माझी घंटा दाबली की सौनाचा दिवा लागतो.”

मी तेल घातलं. चार दिवस उजव्या कुशीवर आणि डाव्या कुशीवर आळीपाळीने झोपले, उशीचे दोन अभ्रे वाया गेले, पण कान स्वच्छ झाले. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

तपासणी सोमवारी सकाळी साडेआठला. म्हणजे कॉफी शनिवारी सकाळी साडेआठपासून बंद. आणि शनिवारी सकाळी दहाला सोसायटीचं वसंतातलं श्रमदान.

श्रमदानात वर्षाची साचलेली पानं गोळा करायची, हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी झाडायची, बाकांना रंग द्यायचा. पण हे सगळं निमित्त. श्रमदान म्हणजे शेवटी अंगणात मांडलेलं टेबल, आउनेंचे वेलदोडा घातलेले गोड पाव आणि आउनेंची कॉफी. त्या दिवशी शेजारी शेजाऱ्याशी हवापाण्याबद्दल बोलला तरी ते पुढच्या वर्षापर्यंत पुरतं. त्या टेबलावर कॉफीला नाही म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा भांडलेला.

आउनेंनी कप पुढे केला. मी म्हणाले, “आज नको.”

टेबल गप्प झालं. ते आधीही गप्पच होतं, पण आता वेगळ्या तऱ्हेने.

“अर्धा?” आउने म्हणाल्या.

“अर्धाही नको. तपासणी आहे. कॉफीने निकाल बदलू शकतो.”

“माझ्या कॉफीने?”

“कोणत्याही कॉफीने.”

हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. आउनेंनी कप मागे घेतला, त्यातली कॉफी सावकाश रेइयोच्या कपात ओतली आणि मला पाणी दिलं. नळाचं. पाव दिला नाही.

रविवारी दुपारपर्यंत माझं डोकं इतकं दुखायला लागलं की मला माझ्या केसांचं वजन जाणवत होतं. सोमवारी बसमध्ये बसले तेव्हा मी कोणालाही कुठल्याही नोकरीसाठी योग्य दिसत नसणार.

तंत्रज्ञ बाईचं नाव मार्केत्ता. पन्नाशीची, बाह्या वर सरकवलेल्या. तिने विचारलं, अठ्ठेचाळीस तासांत काही घेतलंस? मी सांगितलं, रविवारी चॉकलेटचा एक तुकडा, चार ग्रॅम, लक्षात येताच थांबले. तिने ते लिहून घेतलं नाही. मला हे खटकलं.

तपासणी अशी. उताणं झोपायचं, डोकं तीस अंश वर. डोळ्यांवर काळा चष्मा, आत पूर्ण अंधार आणि दोन छोटे कॅमेरे. मग कानात तीस सेकंद कोमट पाणी सोडतात, चव्वेचाळीस अंशांचं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या आहेत. त्यांतला द्रव तापून हलतो, मेंदूला वाटतं आपण फिरतोय, आणि डोळे आपोआप सरकायला लागतात. ते किती वेगाने सरकतात हे कॅमेरा मोजतो. दोन्ही कानांना कोमट, मग दोन्ही कानांना गार. चार वेळा. दोन्ही कानांच्या बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. फरक पंचवीस टक्क्यांच्या वर गेला की कागदावर ‘एक कान दुर्बल’ असं लिहावं लागतं, आणि दुर्बल कानाला बहात्तर मीटरवर कोणी चढू देत नाही.

“एकच गोष्ट,” मार्केत्ता म्हणाली, “पाणी बंद झालं की बोलत राहायचं. मन रिकामं बसलं की मेंदू डोळ्यांचं हलणं दाबून टाकतो. मग मला काही मिळत नाही.”

“काय बोलायचं?”

“मी विषय देईन. पाचशेपासून सात-सात वजा करत जा.”

उजवा कान, कोमट. खोली फिरायला लागली. जत्रेतल्या पाळण्यासारखी नाही. जत्रेतला पाळणा निदान थांबणार हे ठाऊक असतं. पण आकडे माझे जुने सोबती आहेत. चारशे त्र्याण्णव, चारशे शहाऐंशी, चारशे एकोणऐंशी. अठ्ठावीस अंश प्रतिसेकंद. छान, मार्केत्ता म्हणाली.

डावा कान, कोमट. “क पासून सुरू होणारी शहरं सांग.”

“कुओपियो,” मी म्हणाले. “कोत्का. कोक्कोला. कायानी.” खोली आता उलटी फिरत होती. “कार्या.” आणि इथे मी थांबले. कार्या हे पूर्वी शहर होतं. मग दोन हजार नऊ साली ते शेजारच्या गावांबरोबर एका नव्या शहरात विलीन झालं. मग ते आता धरायचं का?

“बोल,” मार्केत्ता म्हणाली.

मी विचार करत होते. विलीन झालेलं धरायचं तर आणखी अनेक धरावी लागतील; न धरायचं तर एक आधीच चुकून बोलून गेले, ते मागे घ्यायला हवं.

“केर्त्तु, बोल,” तिने माझं नाव घेऊन बजावलं.

“व्याख्या काय आहे?” मी विचारलं. तोवर खोली फिरायची थांबली होती. दहा अंश.

उजवा कान, गार. मूलद्रव्यांची नावं. हायड्रोजनपासून धडाधड सांगत गेले, कारण ती यादी पक्की आहे आणि तिच्यात कोणी विलीन होत नाही. सव्वीस.

डावा कान, गार. “बेरी फळं सांग,” मार्केत्ता म्हणाली. तिला वाटलं असणार, यापेक्षा सोपं काय. इथलं लहान मूलही झोपेत सांगेल.

“स्ट्रॉबेरी,” मी म्हणाले, आणि त्याच क्षणी आठवलं की वनस्पतिशास्त्राप्रमाणे स्ट्रॉबेरी ही बेरी नव्हेच. टोमॅटो बेरी आहे. केळं बेरी आहे. स्ट्रॉबेरी नाही. आता केळं म्हणावं की स्ट्रॉबेरी मागे घ्यावी, या पेचात मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी अंधारात पडून राहिले. तेरा.

मार्केत्ताने बेरीज केली. उजवा चोपन्न, डावा तेवीस. फरक चाळीस टक्के.

“दुर्बल,” ती म्हणाली.

मी उठून बसले. “हा निकाल धरता येणार नाही. उजव्या कानाच्या वेळी मी बोलत होते, डाव्या कानाच्या वेळी गप्प. हा कानाचा फरक नाही, विषयाचा आहे.”

“मान्य.”

“मग?”

“मग तू बोलायला हवं होतंस.” ती थकलेली दिसत होती; मला त्यात आपलेपणा वाटला. “बाई ग, या खोलीत मी बावीस वर्षं आहे. बाहेर जी पाच माणसं बसली आहेत ना, त्यांतली चार अशीच गप्प होणार आहेत. एकाला मी म्हटलं, मनात येईल ते सांग. तो म्हणाला, काही आलं नाही.” तिने संगणकावर पाहिलं. “गुरुवारी सव्वा एकला एक जागा रिकामी झाली आहे. तोवर हा कागद मी वर पाठवत नाही. पुन्हा कॉफी नको. आणि या वेळी सोबत माणूस आण, नुसतं डोकं धरून बसथांब्यावर बसू नकोस. बोलका असेल तर बरं.”

परतताना बस वळणावर वळली तेव्हा मी दोन सेकंद जास्त वळले.

सोमवारी दुपारपासून मंगळवारी दुपारी एक वाजून चौदा मिनिटांपर्यंत मी अकरा कप कॉफी प्यायले. सव्वा एकला कप धुऊन पालथा घातला.

सोबत कोणाला न्यायचं? गाडी रेइयोकडे होती. त्याच्या दारावर उभी राहून मी सगळं सांगितलं, कारण मदत मागायची तर कारण द्यावं लागतं. त्याने ऐकलं. बराच वेळ दाराच्या बिजागरीकडे पाहिलं.

“गाडी आहे,” तो म्हणाला. “पण तुला बोलता येत नाही, हा बिघाड मोठा आहे. तो आधी काढू.”

म्हणून मंगळवारी संध्याकाळी, सोसायटीच्या कपडे वाळवायच्या खोलीत, ओल्या चादरींच्या मध्ये आमचा सराव झाला. रेइयोने हातात घड्याळ धरलं. “विषय: सायकल. दोन मिनिटं. चालू.”

मी म्हणाले, “सायकलला दोन चाकं असतात.” मग, तीनचाकीही असतात हे आठवून थांबले.

“सहा सेकंद,” रेइयो म्हणाला.

“तू करून दाखव.”

“विषय दे.”

“कॉम्प्रेसर.”

त्याचा चेहरा उजळला. “कॉम्प्रेसर चांगला आहे,” तो म्हणाला. “एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा. अजून चालतो.” मग त्याने चादरींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि घड्याळ बंद केलं. अकरा सेकंद. “सगळं सांगून झालं,” तो म्हणाला.

एका तासाने माझा उच्चांक चाळीस सेकंदांचा झाला, विषय बर्फ. त्यातले नऊ सेकंद रेइयोच्या मते खोकल्याचे होते. आम्ही दोघं थकून वाळत घातलेल्या चादरींखाली बसलो. त्या दिवशी आम्ही जितकं बोललो तितकं आमच्या जिन्यात कोणी बोललं नसावं, आणि ते अजून कितीतरी कमी पडत होतं.

बुधवारी आउनेंचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. दाराशी लावलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: दुपारी दोन वाजता कॉफी, भेटवस्तू नकोत. न जाणं शक्य नव्हतं. शनिवारनंतर न जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. जाऊन कॉफी न घेणं त्याहून वाईट. पहाटेपासून पुन्हा डोकं ठणकत होतं, आणि त्या ठणक्यात मला जो उपाय सुचला तो मी आज कोणाला सुचवणार नाही. मी कप घेतला. हसले. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, जणू बाहेरचं काहीतरी पाहायचं आहे. खिडकीत आउनेंचं जिरेनियम होतं, मोठ्या कुंडीत, लालभडक. सगळे केक कापताना तिकडे पाहत असतील असा अंदाज करून मी कप कुंडीत रिकामा केला.

वळले तेव्हा आउने माझ्याकडे पाहत होत्या. हातात सुरी, सुरीवर क्रीम. त्यांनी मला केकचा तुकडा दिला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. दुसरा कप मला कोणी विचारला नाही.

त्या घरात मला नेहमी दुसरा कप विचारला जायचा.

गुरुवारी बारा वाजता खाली आले तर रेइयोच्या गाडीत पुढच्या सीटवर आउने बसल्या होत्या. कोट, टोपी, मांडीवर हातातली पिशवी.

“यांना कुठे सोडायचंय?” मी हळूच विचारलं.

“तुझ्याबरोबर येतायत,” रेइयो म्हणाला. “का, ते मी विचारलं नाही.”

गाडी निघाली. मी मागे बसून आउनेंच्या टोपीकडे पाहत राहिले आणि फरक चाळीस टक्के, फरक चाळीस टक्के असं मनात घोळवत राहिले. काल ओस्सीचा संदेश आला होता: त्याने चढाईचे बूट पाहून ठेवले आहेत, विकत घेतलेले नाहीत. त्याच्या परीने ही माया होती.

प्रतीक्षागृहात त्या दिवशी नऊ खुर्च्यांवर तीनच माणसं. आउने कोणालाही न विचारता दोघांच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, दोघंही दचकले. रेइयो थेट कॉफीच्या यंत्रापाशी गेला, कागद वाचला, आणि म्हणाला, “मी तपासणीला आलेलो नाही.” यंत्र कोणासाठी आहे हे मला तेव्हा कळलं.

मार्केत्ता दारात आली. “सोबत कोण? बोलका माणूस आत येऊ शकतो.”

रेइयोने कप तोंडाला लावला आणि प्लास्टिकच्या झाडाकडे पाठ फिरवली. आउने उठल्या.

मी झोपले. काळा चष्मा आला, अंधार झाला. कुठेतरी डावीकडे खुर्ची सरकली आणि आउनेंच्या पिशवीची कडी वाजली.

“विषय मी देऊ?” मार्केत्ताने विचारलं.

“विषय आहे माझ्याकडे,” आउने म्हणाल्या.

उजवा कान, कोमट. पाणी थांबलं, खोली उचलली गेली.

“माझ्या जिरेनियमच्या कुंडीत काल काय ओतलंस?”

अंधारात माझ्याकडे पाहायला काहीच नव्हतं. खिडकी नाही, बिजागरी नाही, चादर नाही. “कॉफी,” मी म्हणाले.

“किती?”

“पाऊण कप. कदाचित थोडी जास्त. काठापासून दोन बोटं कमी होती, म्हणजे…”

“का?”

आणि मी सांगायला लागले. अठ्ठेचाळीस तास कुठून मोजतात ते सांगितलं. घोटभर घेतली असती तर काय झालं असतं ते नक्की कोणाला माहीत नाही, पण मार्केत्ता विचारणार आणि मला सांगावं लागणार, हे सांगितलं. नाही म्हणायला शनिवारी मला शब्द सापडले नव्हते, म्हणून बुधवारी मी हो म्हणाले आणि ते जास्त खोटं ठरलं, हेही. खोली गरागरा फिरत होती आणि मला थांबता येत नव्हतं, कारण प्रत्येक वाक्याला आउने “मग?” म्हणत होत्या.

डावा कान, कोमट.

“आणि शनिवारी माझ्या कॉफीला ‘कोणतीही कॉफी’ म्हणालीस.”

“ते तपासणीच्या दृष्टीने.”

“एकतीस वर्षं मी पिंप उघडून नुसत्या वासावरून सांगायचे कुठली जळली आणि कुठली नाही. कोणतीही म्हणे.”

मग मी त्यांच्या कॉफीबद्दल बोलले. ती इतरांहून कशी वेगळी आहे याचं मी मोजमाप केलेलं नाही, पण करता येईल, कसं करता येईल, काय काय लागेल. चुकत होते, सुधारत होते, आणि सुधारतानाही बोलत होते. शेजारी मार्केत्ता मध्येच “हं” म्हणायची, ते मला उद्देशून नसून पडद्याला उद्देशून होतं.

पाणी गार होईतो पाच मिनिटं थांबायचं असतं. बाहेर रेइयोने यंत्राचं बटण दुसऱ्यांदा दाबल्याचं ऐकू आलं.

उजवा कान, गार. आउनेंनी विचारलं, मनोऱ्यावरून काय दिसतं. मी अजून चढलेले नाही, पण नकाशावरून काढलं आहे: स्वच्छ हवेत तीस किलोमीटर, चार तळी, दोन गावं. आपली सोसायटी दिसणार नाही. मी दिशा मात्र काढून ठेवली आहे.

डावा कान, गार. या वेळी आउने काही विचारेनात. पाणी थांबलं, खोली डावीकडे कलायला लागली, आणि विषय आलाच नाही. मी वाट पाहिली. एक सेकंद, दोन. मग मीच बोलायला लागले. दुकानातल्या यंत्राबद्दल, ते न ओळखलेली बाटली तोंडाशी आणून कसं थांबतं याबद्दल. तिथे दिवसभरात माणसं मला फक्त “हे घेत नाही” एवढंच म्हणतात, आणि मलाही सवय झाली. अकरा महिन्यांत कामाबाहेर मी ज्यांच्या घरी बसले ते एकच घर, आणि तिथे दुसरा कप न विचारता भरला जायचा. काल तो आला नाही तेव्हा मी घरी जाऊन तो का आला नाही याची कारणं लिहून काढली, आणि ती सगळी माझीच होती. शुक्रवारी हा कागद गेला नाही तर मी सोमवारी पुन्हा त्या यंत्रापाशी उभी असेन, आणि मला ते यंत्र नकोय. हे मी आजवर मोठ्याने म्हटलं नव्हतं. खोली सावकाश होत गेली तरी मी बोलत होते. मार्केत्ताने चष्मा काढला तेव्हाही बोलत होते, आणि उजेड डोळ्यांत गेल्यावर थांबले.

आउने पिशवीत काहीतरी शोधत होत्या. रुमाल निघाला. त्यांनी तो माझ्या ओल्या कानाला लावला, जरा जोरातच.

“जिरेनियम जगेल,” त्या म्हणाल्या. “उरलेली कॉफी मी रोज त्यालाच घालते.”

रेइयो दारात आला. “हे यंत्र फार पातळ करतं,” तो म्हणाला. “झालं का?”

मार्केत्ताने कागद छापून डॉक्टरकडे नेला आणि सही घेऊन आणला. दोनपैकी एका घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, दुसऱ्यात चव्वेचाळीस. आउनेंनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला.

उजवा कान, एकूण चोपन्न अंश प्रतिसेकंद. डावा कान, एकूण एक्कावन्न. फरक २.९ टक्के. शेरा: तपासणीदरम्यान रुग्ण बोलत होती, चारही वेळा मिळून सात मिनिटं पन्नास सेकंद.